डावीकडचा आवाज

२ मार्च, रविवार

खोका आला एकदाचा. दादा सकाळपासून सारखा फाटकापर्यंत जात होता आणि विचारलं की "पाय मोकळे करतोय" म्हणत होता. वहिनी म्हणाली, "लेकीच्या वेळी दवाखान्यातसुद्धा एवढ्या येरझारा घातल्या नव्हत्या यांनी."

खोक्यात गिटारचा प्रोसेसर. दिसायला वजनकाट्यासारखा, वर पायानं दाबायची बटणं. गिटारची वायर याच्यात घालायची आणि याच्यातून दुसरी वायर लॅपटॉपला. आवाज जाड करा, घुमवा, लांबून आल्यासारखा करा, सगळं आतच होतं. मोठा अॅम्प्लिफायर नको, स्टुडिओ नको.

दादानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत गिटार वाजवली. लोक त्याचे तुकडे तोंडानं वाजवून दाखवतात, पण वाजवणारा कोण हे कुणाला ठाऊक नसतं. हल्ली स्टुडिओवाले बोलवत नाहीत. तो म्हणतो बरंच झालं, आता माझ्या स्वतःच्या चाली वाजवीन. सहा आहेत. नुसती गिटार, गाणारं कुणी नाही. रेकॉर्डिंग मी करायचं.

"मी?" म्हटलं. "मला सूर कळत नाही."

"सूर मी बघतो. तुझा हात स्थिर आहे, तू कळा सांभाळ."

लहानपणापासून हेच ऐकत आले आहे. खोटं नाही ते. चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि बसवते, तिथे हातच लागतो. कान दादाचा. पाऊस पडताना पन्हळीचा सूर सांगायचा तो आम्हाला.

५ मार्च, बुधवार

दुकानातून सुटल्यावर वाद्यांच्या दुकानात गेले. प्रोसेसर त्या दुकानदाराकडूनच मागवला होता, म्हटलं आता शिकवा. भला माणूस. म्हणाला, "ताई, एकच लक्षात ठेवा. ऐकायचा आवाज वेगळा आणि भरायचा वेगळा. हेडफोनची कळ फिरवलीत तर फक्त कानात फरक पडतो, लॅपटॉपमध्ये जातं ते तेवढंच जातं. कमी ऐकू आलं म्हणून भरायची लेव्हल वाढवू नका. सगळे तिथेच फसतात."

"मग भरायची किती ठेवू?"

"त्यांना सगळ्यात जोरात वाजवायला सांगा. तेव्हाही लॅपटॉपवरची आवाज दाखवणारी पट्टी लालच्या बरीच खाली राहिली पाहिजे. लाल लागलं की आवाज फाटला. आणि साधी कोरी गिटार वेगळ्या ट्रॅकवर भरून ठेवा, प्रोसेसरचे रंग न लावलेली. कधी लागली तर असावी."

घरी येऊन करून बघितलं. प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत होता, एक आत्ता आणि एक जरासा मागून. दादा वैतागला. "माझ्यामागून कुणी नक्कल करत चाललंय!" तासभर डोक्याला ताप. शेवटी कळलं की गिटार प्रोसेसरमधून सरळ कानात येते, आणि तीच लॅपटॉपमधून फिरून परत येते. लॅपटॉपकडची बंद केली. जीव भांड्यात पडला. दादानं पाठ थोपटली.

९ मार्च, रविवार

मागच्या खोलीत, कपाट आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधल्या जागेत, भिंतीवर रजया टांगून पहिली चाल भरली, कोरी गिटारही वेगळ्या ट्रॅकवर. वहिनीनं फ्रिज बंद ठेवला, कारण त्याची घरघर येते. सातव्या खेपेला दादा म्हणाला, "हां." तो 'हां' म्हणाला की झालं. मला पहिली आणि सातवी सारखीच वाटली, पण मला काय कळतंय.

पट्टी डावीउजवीकडे अगदी जोडीनं वरखाली होत होती. बघत राहावंसं वाटतं.

दुसरी चालही निम्मी झाली, उरलेली उद्या.

१३ मार्च, गुरुवार

दादा सकाळी उठला तो कान दाटलाय म्हणत. सर्दी असेल. संध्याकाळी वाजवायला बसला आणि दोन मिनिटांत थांबला. "छोटे, डावी बाजू येत नाहीये."

मी पट्टी बघितली. दोन्हीकडे सारखी. तसं सांगितलं.

"पट्टी काय सांगते ते नको सांगू. मला येत नाहीये."

त्याचा कान आणि एवढीशी पट्टी, यात कुणाचं ऐकायचं? वायर बदलली. दुसरीही बदलली. मग तो म्हणाला जरा बरं आहे, पण चेहऱ्यावर बरं नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार

आता शिट्टी. डावीकडे बारीक शिट्टी येते म्हणतो, सारखी. वाद्यांच्या दुकानवाल्याला फोन केला. म्हणाला, लॅपटॉपच्या चार्जरमुळे असं होतं कधीकधी, चार्जर काढून बघा. काढला. तरी शिट्टी आहेच. दिवे बंद केले, पंखा बंद केला, सगळे फोन बाहेर नेऊन ठेवले. मी हेडफोन लावून ऐकलं तर मला कुठेच शिट्टी नाही. पण एवढी बारीक असेल तर मला थोडीच ऐकू येणार.

"वाजवत नसताना पण येते?" मी विचारलं.

"येते."

"म्हणजे वायरिंगच."

त्यानं गिटार पिशवीत घातली.

१६ मार्च, रविवार

नवे हेडफोन आणले, चांगल्यातले. दादानं घातले, वाजवलं, काढून टेबलावर ठेवले. "फरक आहे थोडा." मला वाईट वाटलं. एवढ्या हौसेनं आणले होते.

काल दुकानात एक गृहस्थ आले होते. चष्मा तिसऱ्यांदा परत. काच चुकली, फ्रेम वाकडी, तुमच्या दुकानात उजेडच कमी. मी म्हटलं, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या. तर माझ्यावरच उखडले. काय माणसं असतात! दादाला सांगितलं तर नेहमीसारखा हसला नाही.

१९ मार्च, बुधवार

भाजी निवडताना वहिनी म्हणाली, "वन्सं, हल्ली यांना हाक मारली तर ऐकूच येत नाही."

मी म्हटलं, "वहिनी, इतक्या वर्षांच्या संसारानंतर सगळ्याच नवऱ्यांना तसं होतं."

ती हसली. मग म्हणाली, "फोनपण आता दुसऱ्या कानाला लावतात."

"डावा हात गिटारच्या तारांवर दुखत असेल. रोज वाजवतोय ना."

२२ मार्च, शनिवार

आज मी नियम मोडला. लिहून ठेवते.

दादाला फक्त डावी बाजू वाढवून हवी आहे. हेडफोनच्या कळीनं दोन्ही वाढतात. नुसती डावी वाढवायची तर प्रोसेसरच्या आत शिरून डाव्या बाजूची लेव्हल चढवावी लागते, आणि आतली चढवली की लॅपटॉपमध्ये भरणारीही चढते. ऐकायचं आणि भरायचं एक करू नका, हेच मला बजावून सांगितलं होतं.

दादाला समजावलं. तो म्हणाला, "मला ऐकूच आलं नाही तर वाजवू काय? आहे तिथून वाढव."

वाढवली. "अजून." अजून वाढवली. "हां, आता कुठे आहे."

मग तिसरी-चौथी मागे ठेवून त्यानं पाचवी चाल वाजवली. लेक जन्मली त्या वर्षी केलेली, आजवर कुणाला न ऐकवलेली. डोळे मिटून, पहिल्याच खेपेला. मला सूर कळत नाही, पण आज काहीतरी कळलं. मी पट्टीकडे बघायचं विसरले. बघितलं तेव्हा डावी लालला टेकून टेकून खाली येत होती. थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. त्या वेळी त्याला थांबवणं मला जमलं नसतं.

शेवटचा सूर विरल्यावर तो म्हणाला, "हे पुन्हा नाही होणार."

वहिनी दारात उभी होती. डोळे पुसून आत गेली.

२३ मार्च, रविवार

दादा सकाळी चौकट धरून उभा होता. म्हणाला, गरगरलं. बरेच दिवस नीट झोप नाही, म्हणून असेल. आज सुट्टी.

२९ मार्च, शनिवार

भांडण झालं. लिहायचीसुद्धा इच्छा नाही. तिसरी-चौथी या आठवड्यात तशाच चढवलेल्या लेव्हलवर भरली होती.

त्यानं पुन्हा "डावी" म्हटलं आणि माझा तोल गेला. तिसरी वायर, दुसरे हेडफोन, सगळी सेटिंग पुसून नव्यानं बसवली. मी हात टेकले आहेत. म्हटलं, "दादा, मला तर दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं."

तो म्हणाला, "तुला? तुला कधीपासून ऐकू यायला लागलं?"

मी हेडफोन ठेवले आणि वर माझ्या बिऱ्हाडात निघून आले. थोड्या वेळानं तो चहा घेऊन आला. कप माझ्यासमोर ठेवला आणि खिडकीशी उभा राहिला. "छोटे, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"असू दे. खरंच आहे ते."

"नाही," तो म्हणाला. मग जिन्यात जरा थांबला आणि उतरून गेला. चहा मात्र झकास झाला होता.

३ एप्रिल, गुरुवार

सगळ्या फाइल्स लंबूला पाठवल्या होत्या. लंबू म्हणजे दादाचा जुना स्टुडिओतला दोस्त, रेकॉर्डिंग साफसूफ करून देणारा. त्याचा फोन मला आला, दुकानात.

"काय केलंय तुम्ही? पहिल्या दोन चाली लोण्यासारख्या आहेत. पुढे सगळी डावीकडे कलंडलीय. पाचवीला तर डावी फाटून चिंध्या झाल्यात."

मी सगळं सांगितलं. डावी येत नव्हती, शिट्टी येत होती, वायरी बदलल्या, हेडफोन बदलले.

त्यानं विचारलं, "हेडफोन उलटे घालून बघितले त्यानं? डावा उजवीकडे?"

"नाही."

"आज बघायला सांगा. घरी गेल्याबरोबर."

गेले. दादा अंगणात खुर्चीत बसला होता. तिथेच फोन जोडून गाणं लावलं, हेडफोन उलटे करून त्याच्या डोक्यावर चढवले. तो माझ्याकडे बघत होता, हेडफोनकडे नाही.

"कुठे कमी येतंय?"

त्यानं हात वर केला आणि डाव्या कानाला लावला.

मी पुन्हा सुलटे केले, पुन्हा उलटे केले. प्रत्येक वेळी तोच हात, तोच कान. खोट हेडफोनमध्ये असती तर बाजू बदलली असती.

४ एप्रिल, शुक्रवार

कानाच्या डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. दादाला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. बाहेर आल्यावर कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या. उजवी वरून सरळ चाललेली, डावी दरीत पडलेली.

"सुरू कधी झालं हे?"

दादा म्हणाला, "झाले असतील चार-पाच दिवस."

मी म्हटलं, "नाही. तीन आठवडे झाले. एका सकाळी कान दाटला म्हणाला, त्याच दिवसापासून."

दादानं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हे असं अचानक होतं म्हणाल्या, एका कानाची नसच बसते, कारण बहुतेकदा सापडत नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर बऱ्याच जणांचं ऐकणं परत येतं. "आता गोळ्या देते, कानात इंजेक्शनंही देऊ. प्रयत्न करू." आणि मग, "त्याच आठवड्यात का नाही आलात?"

वहिनी माझ्या शेजारी बसली होती. त्या आठवड्यात आम्ही वायर बदलत होतो.

७ एप्रिल, सोमवार

दुकानात दोन काचा फोडल्या. मालक म्हणाले, घरी जा.

१२ एप्रिल, शनिवार

वहिनी गोळ्या वेळेवर देते, इंजेक्शनाला घेऊन जाते, माझ्याशी नीट बोलते. आज कपडे वाळत घालताना म्हणाली, "वन्सं, मी म्हटलं होतं तुम्हाला, हाक ऐकू येत नाही म्हणून."

"हो."

"तुम्ही हसलात. मग मीपण हसले." चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात देत म्हणाली, "मला तुमच्यावर रागवायचंय. पण मीही सोडूनच दिलं ना ते. धरा नीट, लोळतंय खाली."

पट्टी पहिल्या दिवसापासून सांगत होती, दोन्ही बाजू सारख्या आहेत. माझे कानही तेच सांगत होते. दोघांचंही ऐकलं नाही, कारण दादा म्हणत होता. त्याचा कान चुकू शकतो हे माझ्या मनातच आलं नाही. माया म्हणावं की मूर्खपणा, ते मला ठरवता येत नाही.

२० एप्रिल, रविवार

इंजेक्शनं संपली. परत तपासणी झाली. डावी रेषा होती तिथेच आहे. डॉक्टर म्हणाल्या, आता फार आशा धरू नका. उजवा कान उत्तम आहे, तो जपा.

येताना दादा म्हणाला, चालत जाऊ. वहिनी रिक्षानं पुढे गेली. मी त्याच्या डाव्या हाताला चालत होते. काही बोलले की तो "काय?" म्हणायचा. मग मी मागून फिरून उजवीकडे आले.

मी म्हटलं, "दादा, मला माफ कर. मी तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

तो चालत राहिला. कोपऱ्यावरच्या बंद शटरपाशी थांबला. "छोटे, मी उभा जन्म स्टुडिओत काढला. एक बाजू येत नसेल तर पहिली गोष्ट काय करतात, हेडफोन उलटे करून बघतात. नवशिक्यालासुद्धा ठाऊक असतं."

मी त्याच्याकडे वळले.

"मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. हातात घेतले होते. नाही केले." त्यानं शटरला हात टेकला. "तू वायर बदलत होतीस. जोवर तू बदलत होतीस तोवर वायरच खराब आहे असं म्हणता येत होतं. म्हणून तुला करू दिलं. तुझ्यावर ओरडलोसुद्धा."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझ्याकडे दुसरं आहे काय?"

रस्त्यात उभं राहून रडायचं आमचं वय नाही. तरी रडलो. एक बाई पिशवी सांभाळत बाजूनं गेली, वळून वळून बघत.

मला वाटलं होतं, त्याचाही दोष आहे हे कळल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. उलट तो ते दिवस त्या खोलीत माझ्यासमोर एकटाच बसला होता, हे आता दिसत राहतं.

२७ एप्रिल, रविवार

लंबूचा फोन. कोऱ्या गिटारचा ट्रॅक शाबूत आहे. डावीची लेव्हल मी प्रोसेसरच्या शेवटच्या टोकाला वाढवली होती, कोरी त्याच्या आधीच वेगळी निघते, त्यामुळे तिला धक्काही लागलेला नाही. तिच्यावर नव्यानं सगळे रंग चढवता येतील. पाचवी चाल वाचली.

वहिनीनं लंबूला फोनवरच जेवायला बोलावलं. दादा म्हणाला, "बरं झालं." खरंच बरं झालं. पण मला ते ऐकून आनंद होता होता राहिला. चालीची कोरी प्रत होती, ती मिळाली. कान कुठून आणायचा?

११ मे, रविवार

सहावी चाल मागच्या आठवड्यात भरली. दादानं उजव्या कानावरच हेडफोन ठेवला, दोन्ही बाजूंचा आवाज त्या एका कानात येईल असं मी बसवून दिलं. मध्येच थांबून थांबून वाजवली. चुका झाल्या. पूर्वी होत नसत. "राहू दे तशी," तो म्हणाला.

आज लंबूनं सगळ्या चाली करून पाठवल्या. बाहेरच्या खोलीत दोन स्पीकर लावून आम्ही तिघं बसलो. दादानं खुर्ची तिरकी करून उजवा कान पुढे केला. पाचवी लागली. तीच, लेकीची. वहिनीनं पदर तोंडाशी धरला.

संपल्यावर दादानं विचारलं, "डावीकडे काय ठेवलंय त्यानं?"

मी सांगितलं, "उजवीकडे तू वाजवतोस ते जरा वेळानं डावीकडून परत येतं. लांबून आल्यासारखं. खोलीच्या पलीकडे दुसरं कुणीतरी बसलंय असं वाटतं."

"कितपत?"

"म्हणजे?"

"जास्त आहे? माझ्या अंगावर येतं का ते?"

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी माझ्याकडे. आवाजातलं मला कुणी विचारत नाही. दादानं तर कधीच विचारलं नव्हतं.

"थोडं जास्त आहे," मी म्हटलं.

त्यानं लगेच लंबूला फोन लावला. "पाचवीत डावीकडचं जरा कमी कर. नाही, मला नाही, बहिणीला वाटतं. ती म्हणते म्हणजे असेल."

मी वर आले. पोळपाट घेतला, कणीक काढली, परत ठेवली. मग खाली गेले. दादा अजून तिथेच बसला होता, वहिनी दिवा लावत होती.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.

"का? तू सांगितलंस ना?"

"सांगितलं. पण मला नीट ऐकायचंय. लाव."